दोन ठोके, मग एक

दि. ११ नोव्हेंबर, बुधवार

ती. ताईस,

नमस्कार. पुढचं 'वि. वि.' गाळतो. विशेष आहे, पण ते हातातून उतरायला वेळ लागेल. पाकिटावर सवयीने 'सौ.' लिहून बसलो, म्हणून पाकीट दुसरं घेतलं.

आम्ही सगळे बरे. हिचे गुडघे आहेत तिथेच आहेत, तक्रार तेवढी चार पावलं पुढे गेली आहे.

जगबुडी तशी स्वस्तात होते, ताई. आमच्या मालिकेत जग संपवायला काय लागलं, तर सहा ट्रक राख, चार भंगार बस, गोदामात उभारलेलं एक तळघर आणि त्याला एक लोखंडी दार. हा हिशेब मी आल्यागेल्याला हसत सांगायचो. त्यात एक बाब धरायची राहिली होती.

तुझ्या धाकटीचा फोन आला होता. शुक्रवारचा भाग बघायला तू शेजारपाजारच्यांना बोलावलं आहेस म्हणे, "ह्यांचं शेवटचं काम आहे" म्हणून. बोलावू नकोस. टीव्ही लावूच नकोस. भाऊजी त्यात दिसत नाहीत, नुसता धूर आहे.

दिसत नाहीत, एवढं खरं.

माझा धंदा तुला ठाऊक आहे. वायरी गुंडाळता गुंडाळता साउंड रेकॉर्डिस्ट झालो, तो या दोन कानांच्या जोरावर. 'कट' म्हणायचा मान दिग्दर्शकाचा, पण हेडफोन चढवून मी हात वर केला की त्याचीसुद्धा टाप नाही पुढे जायची. तुझ्याकडे जेवायला बसलो की हे किती वेळा ऐकवलं असेल! भाऊजी म्हणायचे, "मेहुणे, एवढं वजन आहे तर त्या जगबुडीत आमचीही वर्णी लावा की." लावली. बाराजणांच्या गर्दीत.

प्रसंग असा होता. तळघरात नायक आणि त्याची माणसं, बाहेर विषारी हवेत अडकलेले हे बाराजण. दार उघडलं तर आतले मरणार, नाही उघडलं तर बाहेरचे. दाराबाहेर फळ्यांचा अरुंद बोळ बांधला होता. त्यात धूर सोडायचा, आणि शॉट संपला की सगळ्यांनी मागच्या बाजूने निघायचं. दिग्दर्शक ओरडला, "ठोका! हात मोडले तरी चालतील!" भाऊजी म्हणाले, "काळजी नको साहेब, घरी हेच करतो. बायको दार उघडत नाही." सगळे हसले. मीही हसलो.

खोटं बोलले ते. तू त्यांना कधी ताटकळत ठेवलं नाहीस. घराला बेल असून ते ती वाजवायचे नाहीत. दोन ठोके, जरा थांबून एक, आणि तू स्वयंपाकघरातून ओरडायचीस, "उघडंच आहे, या!"

शॉट सुरू झाला. पहिलं मिनिटभर नुसता गदारोळ. मग एकेक हात कमी होत गेला. धूर जास्त सोडला गेला होता आणि अकराजण मागून निघून गेले होते, हे आम्हाला नंतर कळलं. भाऊजी दाराला सगळ्यात जवळ होते. दिग्दर्शक नायकाच्या चेहऱ्यावरून कॅमेरा काढेना. नायक आपल्या माणसांकडे वळून म्हणाला, "बाहेर कोणी नाही." आणि तेवढ्यात दाराच्या पार खालून, माणूस बसला असेल तर हात पोचेल तिथून, दोन ठोके आले. जरा थांबून एक.

गर्दीत असं कोणी ठोकत नाही, ताई. दाराच्या या बाजूला कोण ऐकतंय, हे त्यांना माहीत होतं.

शॉट पुढे आणखी दोन मिनिटं चालला. फार छान चालला. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणलं असतं तर.

चौकशीला माणूस आला तेव्हा मी सांगितलं, "गोंगाट होता, वेगळं काही ऐकू आलं नाही." तुझ्यासमोर बसूनही तेच सांगितलं. तू उलट माझ्याच पाठीवरून हात फिरवलास, "तू तरी काय करणार होतास रे?"

नंतर मिक्सिंगला बसलो. ते ठोके पुसता आले असते. मी पुसले नाहीत, बाकीचे आवाज खाली ओढले. इतका खरा आवाज मला उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता. चॅनेलला तो एवढा आवडला की सोमवारपासून प्रत्येक भाग त्यानेच सुरू होणार आहे. रोज संध्याकाळी आठला, घरोघरी. तू टीव्ही लावला नाहीस तरी भिंतीपलीकडून येईल. तू हातातलं टाकून दाराकडे जाशील, याची मला भीती वाटते.

हे पत्र कोणाला दाखवायचं त्याला दाखव. चौकशीवाल्यांना दिलंस तर मी ते नाकारणार नाही.

तू विचारशील, म्हणून आधीच लिहितो. हो, त्या दिवशी मी हात वर केला होता. एकदाच, सकाळी. पत्र्यावर कबुतर फडफडत होतं.

तुझा,
धाकटा