रॉकवाल्यांचे मिस कॉल

५ जाने., सोम.
संध्याकाळी सहाला कारखान्यात नेहमीसारखे इअरफोन लावले. जीन्सचे धागे कापता कापता तासभर रेडिओवर रॉक ऐकायचं, माझी एवढीच काय ती चैन. तर आज गिटारऐवजी शहनाई. आपला आरजे नितीन, शुक्रवारपर्यंत घसा फाडून बोलणारा, एकदम साखरेत घोळलेला. 'मी तुमचा लाडका नितीनदादा.' स्टेशनचा बाजच बदललाय म्हणे. आता लग्नाची गाणी आणि सुखी संसाराच्या टिप्स. वर काय बोलला मेला, 'ती किंचाळणारी मंडळी झोपली एकदाची.' आणि हसला.
इतकी वर्षं आमच्या जिवावर चालवलं ना रे दुकान? बघतेच तुला.

६ जाने.
आमचे मालक मोहनसेठ म्हणाले, 'सुषमा, मुंह क्यों लटका है?' काही नाही म्हटलं. त्यांना गाणं म्हणजे वरातीतला बँड.

८ जाने.
नुसत्या गाण्यांचा राग नाही. माणसं गेली.
गाणं आवडलं की स्टेशनच्या नंबरवर मिस कॉल, मग नावाचा मेसेज. नितीन नावं वाचायचा. बुवापाड्याचा बंटी. सोनिवलीची बिजली, म्हणजे मी. वांगणीचे काका. कोणाचं तोंड कधी पाहिलेलं नाही. पण माझं ऑपरेशन झालं तेव्हा काका रोज मेसेज टाकायचे, 'बिजली कुठाय? आवाज नाही तिचा.' मी बेडवर पडून ऐकायचे. सासरच्यांनी एकदा फोन केला, तोही कुकरची शिट्टी कुठे ठेवली ते विचारायला.
काकांकडे साधा फोन आणि खिशातला रेडिओ. त्यांना आता शोधायचं कुठे? नंबर फक्त स्टेशनकडे. स्टेशनात फोन केला तर बाई म्हणाली, 'श्रोत्यांचे नंबर देत नाही.' ठेवला धाडकन.

१० जाने., शनि.
बंटी सापडला. कँप चारच्या बाजारात मोबाइल रिपेअरचं दुकान आहे असं एकदा रेडिओवर सांगितलं होतं. चार दुकानं पालथी घातली. शेवटी एका टक्कल पडत चाललेल्या बाप्याला विचारलं, 'बंटी का? मी बिजली.' त्याच्या हातातला स्क्रू खाली पडला. मग माझी साडी बघितली, माझी मेथीची जुडी बघितली. 'ताई, मला वाटलं कॉलेजातली असाल.'
चहा पाजला. म्हणाला, 'स्टेशन गया तेल लेने. फोनवर सगळं फुकट मिळतं. बाकीचे पण तिकडेच गेले, आपापल्या कानात.'
म्हटलं, तिकडे तुझं नाव कोण घेतं?
रिकामा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, 'ते खरंय.'

१३ जाने., मंगळ.
बंटीने ओळखीपाळखीतून जुने सातआठ जण जमवले. व्हॉट्सॅप ग्रुप. काका नाहीत.
माझी आयडिया: नितीनदादाचा कार्यक्रम लागला की सगळ्यांनी मिळून मिस कॉल ठोकायचे. लाइन जाम. त्याच्या संसारी बायांचा एक फोन लागता कामा नये. सडू दे एकटा त्या स्टुडिओत.
बंटी म्हणाला, 'ताई, तुम्ही डेंजर आहात.' किती दिवसांनी बरं वाटलं.

१६ जाने.
मारा चालू. अंगठा दुखतोय. पण मजा येते. घरी हे म्हणाले, 'कोणाला एवढे फोन?' म्हटलं, एकाचं तेरावं घालायचंय.

२२ जाने., गुरु.
डोकं फिरलंय. नितीन आज म्हणाला, 'तुमच्या प्रेमाने मी भारावलोय, मिस कॉलचा नुसता पाऊस.' कार्यक्रम तासाचा दोन तास केला.
अगं सुषे, गाढवे. त्या नंबरवर मिस कॉल म्हणजे 'आवडलं'. रॉकच्या वेळी आपणच नाही का हे करायचो? इतकी वर्षं केलं आणि विसरले. दहा जणांच्या डोक्यात एकदाही आलं नाही. सगळ्यांनी मिळून त्याला डोक्यावर बसवला.
बंटी हसत सुटला. मला हसू येईना.

२७ जाने., मंगळ.
नितीनचा फोन. स्वतःचा. 'ताई, बिजली ना? नंबर ओळखतो मी सगळ्यांचे. पहिल्या दिवसापासून कळलं होतं.'
'मग बोलला का नाहीस?'
'का बोलू? तुमच्यामुळे टिकलोय. बंद करू नका.'
काय गेंड्याची कातडी आहे. शिव्या घालणार होते, पण तोंडातून निघालं, 'काकांचा नंबर दे.'
म्हणाला, 'काका अजून देतात मिस कॉल. रोज, सहाला. मेसेज पण येतो, रॉक परत लावा म्हणून. त्यांना वाटतं खूप कॉल झाले की लावतील.'
मी परत म्हटलं, 'नंबर दे.'
'नंबर देतो ताई, पण महिनाभराने. एक जाहिरातदार वर्षभराचं मोठं काँट्रॅक्ट करतोय. ते होऊ दे. तोवर कॉल चालू ठेवा आणि कुणाला बोलू नका.'
म्हणजे म्हाताऱ्याला तारण ठेवलाय याने. हलकट.

२८ जाने.
बंटीला सांगितलं. म्हणाला, 'महिना जाऊ द्या ना, आपल्याला काका पाहिजेत.' आणि तो वर्षभर माझ्या अंगठ्यावर जगणार? काका तिकडे रोज वाट बघणार, त्यांचा कॉलही ह्याच्याच खात्यात? नाही जमणार. पण नंबर हवा. पण नाही जमणार.
वांगणीला जाऊन विचारत फिरले तर? कोणाला विचारू, नाव पण माहीत नाही.

२ फेब्रु., सोम.
जाहिरातदार मोहनसेठ निघाले.
दुपारी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर स्टेशनचे कागद, मिठाईचा बॉक्स. 'सुषमा, तू तो रोज सुनती है. ये नितीनदादा सचमुच इतना चलता है क्या? बोलते हैं बदलापूर तक पब्लिक पागल है. तू बोलेगी तो साइन करूंगा.'
एक वाक्य. एका वाक्यात नितीन रस्त्यावर आला असता. जिभेवर आलं होतं, शहनाई ऐकू आल्यापासून याचीच तर वाट बघत होते. आणि त्याच्या फोनमध्ये काकांचा नंबर.
म्हटलं, सेठ, उद्या सांगते.
म्हणाले, 'कल पक्का. वो लडका ग्यारह बजे आ रहा है.'
सहाला इअरफोन लावले. शहनाई चालू झाली. वांगणीत काकांनी आत्ता दिला असेल मिस कॉल. मी फोन हातात धरून बसले, कॉल दिला नाही. अजून हातातच आहे.