राहीबाईच्या चौकशा आणि माझा पोलीस भाचा

बोईसर,
मंगळवार सकाळ

तीर्थरूप दादा,

पुष्पलतेचा वाकून नमस्कार (पत्रात कंबर दुखत नाही, म्हणून पूर्ण वाकून). तुमचं ब्लडप्रेशर ताब्यात असेल आणि वहिनींचे गुडघे थंडीत फार कुरकुरत नसतील, अशी आशा आहे. मी बरी आहे. शनिवारी तुम्ही टेम्पो घेऊन येणार आणि मला कायमची नाशिकला नेणार, त्याची तयारी चालू आहे. अकरा खोकी भरून झाली. हे गेले त्याला आठ महिने झाले, एकटीने इथे राहण्यात अर्थ नाही, हे तुमचं म्हणणं मला पूर्ण पटलेलं आहे. (फोनवर तीनदा पटलं, आता लेखी पटवते आहे.) फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही विचाराल. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून.

तर घडलं ते असं. आमच्या सोसायटीच्या मागे नव्या इमारती उभ्या राहिल्यात. रस्त्याच्या कामात डोंगराकडचा एक अख्खा पाडा उठवला आणि तिथली माणसं दसऱ्याच्या सुमाराला इथे आणून ठेवली. तेव्हापासून रोज संध्याकाळी पाचला त्यांच्या अंगणात तारपा वाजतो. तुम्ही ऐकला नसेल. वाळलेल्या दुधीचं लांब वाद्य असतं, आवाज मधमाश्यांच्या पोळ्यासारखा, आणि एक म्हातारा, जिवल्या त्याचं नाव, तो फुंकत फुंकत फिरतो नि बाकीचे एकमेकांच्या कमरेत हात घालून त्याच्यामागे गोल नाचतात. लग्न नाही, सण नाही, रोज नाच! मला तेव्हाच संशय आला. माणसं विनाकारण एवढी आनंदी असतील, यावर माझा विश्वास नाही (तुमचाही नाही, हे आपल्या घराण्यातच आहे). आधी वाटलं निवडणूक असेल. मग वाटलं नाचवून झाल्यावर प्लास्टिकचे डबे विकतील. आमचे सेक्रेटरी मेहुलभाई म्हणाले, "बेन, दरवाजा लॉक करके रखना." ते तर पाणी आलं तरी हेच म्हणतात, पण माझ्या डोक्यात भुंगा शिरला.

त्यात राहीबाई. माझ्याच वयाची, त्या पाड्यातली, सकाळी पालेभाजी विकायला दारात बसते. एकदा आतली खोकी तिला दिसली आणि चौकशा सुरू झाल्या. "बाय, तू कवा जानार?" मी म्हटलं, बघू. दुसऱ्या दिवशी, "सकाळची जानार का सांजची?" तिसऱ्या दिवशी, "मागं घरात कोन नाय ना?" दादा, तुम्हीच सांगा, ज्या बाईला माठाच्या जुडीशी मतलब, तिला माझी वेळ कशाला हवी? मी सरळ सांगून टाकलं, "मी कुठेही जात नाहीये. उलट माझा भाचा पोलिसात आहे, तो इथे राहायला येणार आहे." (तुमच्या प्रणवने रागावू नये. दातांचा डॉक्टर असला म्हणून काय, दाढा उपटण्यातही जरा धाकाचं काम असतंच.) राहीबाई घाबरेल, असा माझा अंदाज. ती खूश झाली. "मंग त्यालाबी आन नाचाया!"

हे तर फारच झालं. रविवारी मी कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि प्रकरणाचा छडा लावायला थेट अंगणात गेले. कडेला उभं राहून नुसतं बघणार होते. पण राहीबाईने ओढलंच. "कमरंला हात घाल गं. मी काय खायची नाय तुला." आता आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिना नाच शिकवायच्या, तेव्हा दोन मुलींच्या मध्ये फूटपट्टी धरून अंतर मोजायच्या. इथे एका बाजूला राहीबाई, दुसऱ्या बाजूला तिची सून ठमी, आणि मध्ये फूटपट्टी सोडा, पोस्टकार्डही मावलं नसतं. मी दोन पावलांत ठमीचा पाय तुडवला आणि "एक्स्क्यूज मी" म्हणून बाहेर पडू लागले. ठमी म्हणाली, "मावशे, मदीच सोरायचा नाय. आनि तारप्याला पाठ दावायची नाय." साखळी चालू राहिली, म्हणजे मीही चालू राहिले.

मात्र माझं लक्ष घरावर होतं. गोल फिरताना दर फेरीत माझी बाल्कनी एकदा समोर येई आणि मग पाठीमागे जाई. पहिल्या फेरीत पाहिलं, कोणी नाही. दुसरीत, तिसरीत कोणी नाही. चौथी-पाचवी केव्हा झाली कळलं नाही, कारण पावलं बसायला लागली होती. सहाव्या फेरीला बाल्कनी दिसली ती एकदम दिसली. यांची वेताची खुर्ची तिथे होती. ती मी टेम्पोच्या यादीत घातलेली नाही, टाकून देण्याच्या यादीतही नाही. मला रडू कोसळलं, दादा. आणि कोणी थांबलं नाही! गेले आठ महिने मी डोळ्याला पदर लावला की लोक गप्प होतात, पाणी आणतात, पंखा वाढवतात. इथे जिवल्या वाजवत राहिला, राहीबाईने कमरेतला हात जरा घट्ट केला, आणि मी रडत रडत, बऱ्यापैकी तालात, पुढच्या चार फेऱ्या केल्या.

नंतर पायरीवर बसून तिला स्पष्टच विचारलं, माझी जायची वेळ तुला कशाला हवी? ती म्हणाली, "आमाला ट्रकमदी घातला नि एका दिसात आनला. जुन्या अंगनात येक फेरा नाय मारला. म्हनून हितं रोज नाचतो, पायाला जागा वलकीची नाय झाली. तुजा तसा नको व्हाया. तू निघायच्या टायमाला आमी तुला नाचवून धाडू. मागं कोन असल तर त्यालाबी घेऊ, त्यो येकला पडंल ना." मी मान खाली घातली. भाच्याचं खरं सांगितलं, तेव्हा ती इतकी हसली की शेजारी ठेवलेली भाजीची रिकामी टोपली कलंडली.

अजूनही माझा पूर्ण विश्वास बसलेला नाही. पण संशय घ्यायला आता माझ्याकडे मुद्दा उरलेला नाही, ही मोठी पंचाईत आहे.

तुमची धाकटी बहीण,
पुष्पलता

ता. क. : राहीबाईला मी अजून तारीख सांगितलेली नाही. रोज विचारते. तोंडातून शनिवार निघतच नाही.

आणखी एक ता. क. : टेम्पोवाल्याला नको म्हणून कळवा. मला यायचं नाही. हे लिहायला चार पानं लागली, हे माझ्या भित्रेपणाचं प्रमाणपत्र समजा.

शेवटचा ता. क. : तुम्ही मात्र शनिवारी याच. आई गेली तेव्हा तुम्ही पुढच्या खोलीत रडलात आणि मी स्वयंपाकघरात. मधल्या भिंतीतून मला ऐकू येत होतं. इथे नाचाच्या साखळीत तुमची जागा माझ्या डाव्या हाताला धरून ठेवली आहे. वहिनींना आधी सांगू नका, त्या गुडघ्यांसकट तुमच्या पुढे येऊन उभ्या राहतील.