फाटक माझे, लूमही माझेच

मी, श्रीमती चांगुणा बाळाराम भोईर, वय वर्षे बहात्तर, राहणार कामतघर, भिवंडी, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणी भरीस न घालता लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो माझा मुलगा चि. हितेश याने मागितला म्हणून आणला. मी त्याच्याकडे तसाच दाखला मागितला असता तर घरात आठवडाभर अबोला झाला असता, म्हणून मागितला नाही.

मला हितेश व भाविका अशी दोन अपत्ये आहेत. माझे यजमान कै. बाळाराम यांनी राहनाळचे गोडाऊन आणि त्यापुढचे अंगण हयातीतच माझ्या नावावर केले. कामतघरचे घर, कापडाचा कारखाना आणि त्यातले आठ लूम, म्हणजे यंत्रमाग, माझ्या स्वकष्टाचे आहेत. यापूर्वी मी लेखी मृत्युपत्र केलेले नाही. रागाच्या भरात तोंडी केलेली सर्व रद्द समजावीत.

१. राहते घर हितेशला द्यावे, त्याने दारावर बसवलेल्या कॅमेऱ्यासकट. मी कधी बाहेर पडते ते तो ऑफिसात बसून बघत असे. मी कुठे आहे ते दाखवणारे काहीतरी त्याने माझ्या फोनमध्येही घातले होते. तरी त्याच्या माहितीसाठी नमूद करते की, गेल्या वर्षी दर मंगळवारी मी शेजारच्या हमिदाकडे पापड लाटत असल्याचे त्याला जे दिसत होते, तो नुसता माझा फोन होता. मी कॅमेऱ्यासमोरून लाटणे घेऊन निघायची, फोन आणि लाटणे हमिदाकडे ठेवायची आणि वज्रेश्वरीला जाऊन गरम कुंडात पाय सोडून बसायची. हमिदा फोनला अधूनमधून अंगणात फिरवून आणी.

२. लूमविषयी जरा सविस्तर लिहावे लागेल, कारण भांडण त्यांच्यावरूनच होणार आहे.

जुने लूम भंगारात काढून मी कॉम्प्युटरवाले लूम घेतले. पैसे पूर्ण चुकते केले. पुढे आठव्या लूमचा सेन्सर गेला. आडवा धागा तुटला की लूम थांबवणारा तो डोळा. कंपनीचा माणूस येईना, म्हणून आमच्या अफजल मिस्त्रीने बाजारातून दुसरा आणून बसवला. लूम छान चालला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठही लूम एकदम थांबले आणि प्रत्येकाच्या पडद्यावर अक्षरे आली: परका भाग आढळला, सेवा स्थगित.

लाइट होती, सूत होते, कामगार हजर होते. पूर्वी लूम बंद पडला तर कोणाला शिव्या घालायच्या ते ठाऊक असायचे. आता मी माझ्याच लूमवर हात ठेवून उभी होते आणि कुठल्या गावातल्या कुठल्या टेबलावरून कोणी तो बंद केला हे मला कळत नव्हते. यजमान गेले तेव्हाही मला इतके परक्या घरात उभे राहिल्यासारखे वाटले नव्हते.

फोन केला तर कंपनीचे मॅनेजर गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, लूम तुमचेच आहेत. पण आतला प्रोग्राम आमचा आहे. तुम्ही तो फक्त वापरता. तुम्ही अटी मंजूर केल्या होत्या."

"कधी?"

"पहिल्या दिवशी बटन दाबलंत तेव्हा."

हितेश म्हणाला, "आये, माफी माग आनि विषय संपव. त्यांच्याशी कोन भांडनार?"

मला आठवले की याच कंपनीने सुट्या भागांसाठी राहनाळचे गोडाऊन भाड्याने घेतले आहे, माझेच. तिथल्या करारात गोडाऊन त्यांना दिले आहे, पण पुढचे अंगण आणि रस्त्यावरचे फाटक माझ्याकडेच आहे.

मी फाटकाला कुलूप घातले आणि पाटी लावली: सेवा स्थगित. भाविका माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसली. दुपारपर्यंत कंपनीचे ट्रक वळ गावच्या वळणापर्यंत उभे राहिले आणि मॅनेजर स्वतः आले.

"मॅडम, गोडाऊन आमच्या ताब्यात आहे."

"हायच की. गोडाऊन तुमचंच. फाटक माझं. तुमी ते फक्त वापरता."

त्यांना हसावे की पोलीस बोलवावेत हे ठरेना. भाविकाने आदल्या संध्याकाळी नव्या अटी छापून आणल्या होत्या, मुंगीएवढ्या अक्षरात, भला मोठा गठ्ठा. मी चहा मागवला. भाविका एकेक अट वाची आणि विचारी, "मंजूर?" फाटकातून जाताना परका टायर आढळल्यास ट्रक आत अडकवून ठेवण्यात येईल, या अटीपाशी मॅनेजरांनी कप खाली ठेवला.

"पण मॅडम, तुमच्या मुलाने तर तुमच्या वतीने माफीचा मेल पाठवलाय. कालच."

ते मला माहीत नव्हते. भाविकालाही नव्हते. फाटकाच्या सळ्या घट्ट धरून मी उभी राहिले. मग म्हणाले, "माझ्या नावानं कोनी बी काय बी लिवतं. मी इथं उभी हाय, मना विचारा."

त्यांनी वरच्या साहेबांना फोन लावला. ते बराच वेळ ट्रकच्या आडोशाला बोलत होते. संध्याकाळी लूम सुरू झाले. कोणाकडूनही दुरुस्ती करून घेण्याचा माझा हक्क त्यांनी सही-शिक्क्याने मान्य केला आणि लूमचा पासवर्ड माझ्या हाती दिला. तो मी त्याच संध्याकाळी बदलला. आमचे वकील नंतर मला रागावले, की असे फाटक अडवणे कोर्टात टिकले नसते. म्हणूनच मी कोर्टात गेले नव्हते.

तर, पहिले सात लूम व कारखाना हितेश आणि भाविका यांना समान वाट्याने मिळावेत. पासवर्ड मात्र एकट्या भाविकाकडे राहील. मी गेल्यावर कंपनीशी नवा करार करून लूम पुन्हा त्यांच्या ताब्यात द्यायचे हितेशने कबूल केले आहे, हे मला कळले आहे. हितेश, तुला भीती वाटली होती, लबाडी नव्हती, हे मी जाणते. पण भिणाऱ्याच्या हाती किल्ली देऊ नये. तू हिशेब बघ, तो तुला चांगला जमतो.

३. राहनाळचे गोडाऊन, अंगण व फाटक भाविकाला.

४. आठवा लूम अफजल मिस्त्रीला, त्या सेन्सरसकट. त्याने "चाची, ये नहीं चाहिए" असे म्हटल्यास लूम त्याच्या दारात नेऊन ठेवावा.

५. भोईर परिवार या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे अ‍ॅडमिनपद सूनबाईस देत आहे. माझ्या दिराला दोनदा काढून पुन्हा घेतले होते. तिसऱ्यांदा काढल्यास परत घेण्याचे बंधन तिच्यावर नाही.

६. शेवटचे. मध्यंतरी जेवताना हितेश म्हणाला, "आये, तुझा आवाज साठवून ठेवता येतो. तू गेल्यावर पन आमच्याशी बोलशील."

"जिती हाय तवर तू ऐकत न्हाय. मेल्यावर काय ऐकशील?"

तो वरण न घेता उठला. मला तेव्हा वाईट वाटले, कारण त्याने ते मायेने म्हटले होते. तरीही बजावून ठेवते: माझा आवाज, चेहरा किंवा बोलण्याची लकब कोणत्याही यंत्राला देऊ नये. उद्या फोनमधून मी गोड बोलून कशाला मंजुरी दिली, तर ती मी नव्हे. आणि हितेश, आठवण फारच आली तर भाविकाला चिडव. ती रागावली की हुबेहूब माझाच आवाज निघतो.

वरील सर्व मी वाचून, समजून, बटन न दाबता, हाताने सही केली आहे. हे अमलात आणण्याचे काम भाविकाने करावे.

ठिकाण: भिवंडी
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६

(सही) चांगुणा बाळाराम भोईर

चांगुणाबाईंनी आम्हा दोघांच्या देखत सही केली व त्यांच्या देखत आम्ही केली. त्या वेळी त्या पूर्ण शुद्धीवर होत्या आणि कोणालाही मध्ये बोलू देत नव्हत्या.

साक्षीदार:
१. (सही) केसरीनाथ दामोदर तरे, राहणार वळ
२. (सही) हमिदा गुलाम हुसेन, राहणार कामतघर