वाटा खाल्ला, आता माती टाक

२८ नोव्हेंबर
ज्यानं ही वही उघडली त्याले आधीच सांगतो: चष्मा तुह्या डोक्यावर आहे, शोधू नको. तुले सकाळची भाजी आठवत नाई, तलावाचं काय आठवन? म्हणून मी बुढी बोलतो, सून शोभा लिहिते. मले अक्षर येत नाई. इसरणं बी येत नाई.
आपल्या तलावाखाली कोळसा. दिल्लीत कायदा बदलून राह्यले. नवा झाला का खाणीसाठी ग्रामसभेले विचाराची गरज नाई. मंग आमी ढिवरायनं जाळं कुठी टाकाचं? नळाखाली?

३० नोव्हेंबर
मोठं जाळं पडलं. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, वाटे मांडले, घरटी एक. तेवढ्यात खासदार आले. रीत आहे, वाटे पडतानी पाळीवर जो उभा, त्याले वाटा. पाहुणा असो का पोलीस. अख्खी रोहू देली. साहेब खूश. "वा आजीबाई, ताजी आहे!"
कायद्याचं विचारलं. म्हणे, अभ्यास चालू आहे. एवढ्या वयात अभ्यास! पास कधी होईन बाप्पा.
रीतीचं दुसरं अर्धं सांगाचं राह्यलं. वाटा घेतला त्यानं पाळीवर एक टोपली माती टाकाची. तोंड उघडलं तं गाडी गेली.

२ डिसेंबर
ग्रामसभा. सरपंचबाई म्हणते, "कायदा दिल्लीचा. आपल्या हातात काय आहे?" मी आंगठा दाखवला. खाण नाई पाहिजे, या ठरावावर पहिला आंगठा माहा. शोभाची सही लय नक्षीदार, पुरी ओळ खाल्ली.
मोतीराम आपल्या मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष. म्हणे, "बुढे, पोरायले नोकऱ्या भेटतीन."
"भेटतीन ना. आज तलावाचा मालक, उद्या खाणीच्या गेटावर सलाम ठोकन."
सही न करता गेला. वाटा मात्र नेला होता परवा.

५ डिसेंबर
खासदाराच्या माणसाले फोन.
"साहेब सभागृहात आहेत."
"सांग त्यायले, टोपली बाकी आहे."
"कसली टोपली?"
"मातीची. मासोळी खाल्ली ना?"
हासला. "आजी, माती टाकाले दिल्लीहून येतीन का ते?"
"नको येऊ. तिथीच उभं राहून तलावासाठी बोल म्हणा. टोपली पडली समजू."
फोन कटला. टॉवर गेला म्हणे शोभा. टॉवरबी कोणाच्या वेळेवर जाते, पाहून घ्या.

९ डिसेंबर
मोबाईलवर दिल्लीची सभा. सारे एकसाथ ओरडून राह्यले. आपल्या मच्छीबाजारात यापेक्षा शिस्त. आपला खासदार तिसऱ्या रांगेत, चूप.
शोभा म्हणते, "आई, झोपले का ते?"
"नाई वं. अभ्यास करून राह्यले."

११ डिसेंबर
उद्या कायद्यावर मत पडनार. आज खासदाराचा स्वतःचा फोन! माणसानं निरोप देला म्हणजे.
"आजी, पक्षाचा आदेश आहे."
म्हणलं, "पाळीचा बी आहे. तुह्या पक्षाहून म्हातारी आहे ते."
त्यानं फोन ठेवला नाई. मी बी ठेवला नाई. मंग हळूच म्हणे, "रोहू चांगली होती."
हे हो आहे का नाई आहे, शोभालेबी समजलं नाई. ते तं बारावी शिकली.
पुरे आता, पेन ठेव शोभे. मत कसंबी पडो, पार्सल जाऊ दे. सुक्या मासोळ्या टोपलीत भरून पाठव त्याले, डोक्यासकट, सारी दिल्ली नाक धरन अशा. अन् टोपलीच्या बुडाले पाळीची माती लागली आहे, ते झटकू नको.