नाव नसलेली काडी

मी, ओबेड इंगल्स, वय एकाहत्तर, धंदा जोडे शिवणे, राहणार लिन, मॅसॅच्युसेट्स, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवतो ते असे. शाळा मी तीनच हिवाळे केली. अक्षर वाकडे आहे म्हणून डोके फिरले आहे असे न्यायाधीशसाहेबांनी समजू नये.

१. घर आणि अंगणातली जोड्यांची खोली मुलगा अमासा याला. अट एकच. माडीवरची पूर्वेकडची खोली माझी मुलगी लोइस हिची राहील. तिथे कातडी रचू नयेत. किल्ली चौकटीवर ठेवावी. लोइसचा हात तिथे पोचतो.

अमासा मला टोचतो, "एवढी ओढ आहे, तर अर्धं घर तिच्या नावे करा की, बाबा!" त्यालाही ठाऊक आहे, जॉर्जियात बायकोचे ते नवऱ्याचे. माझे जावई लिटलटन प्रॅदर कापूस पिकवतात. या घराच्या पैशातून ते आणखी एखादे माणूस विकत घेतील. म्हणून लोइसला पैसा ठेवलेला नाही. तिने मनाला लावून घेऊ नये.

२. मापाच्या काड्यांची पेटी. पानगळीच्या दिवसांत जावयाकडून ही पेटी येत असे. एक काडी म्हणजे मळ्यावरच्या एका गुलामाच्या पावलाची लांबी, वर लोइसच्या अक्षरात नाव. सोळा वर्षे त्या मापाने मी जोडे शिवले. जाडेभरडे, दोन्ही पायांना एकच साचा, डावा-उजवा नाही. त्या पायांना एवढे पुरे असे ठरलेले होते. कोणी ठरवले, ते मी कधी विचारले नाही.

फीबी नावाची काडी दरवर्षी थोडी वाढे. दोन वर्षांपूर्वी ती आली नाही. मी पत्राने विचारले. जावयाने उत्तर दिले, "ती काडी आता लागणार नाही." फीबीचा जोड मी आधीच शिवला होता, पहिल्यांदाच डावा-उजवा करून. तो शेजारच्या हल्दा बर्चस्टेडबाईंना द्यावा. त्यांच्या मागच्या दाराशी रात्री अनवाणी माणसे येतात. कुठून येतात ते मी लिहिणार नाही.

३. हत्यारे अमासाला. मिरवणुकीत मशाल धरून तो ओरडतो, "गुलामांच्या जिवावर जगणाऱ्यांचा धिक्कार!" मी म्हणालो, "अरे, त्याच हातानं तू त्या गुलामांच्या जोड्यांचे तळ कापलेस." तेव्हापासून तो माझ्याशी नीट बोलत नाही. कातडे टोचायची अरी त्याने जपून वापरावी, मूठ सैल आहे.

४. लोइस शेवटची आली त्याला सहा उन्हाळे झाले. बोस्टनहून एका पळून आलेल्या गुलामाला बेड्या घालून परत धाडले होते, त्यावरून जेवताना पेटले. मी म्हणालो, "तुझ्या घरात माणसं विकतात." ती म्हणाली, "आणि तुमची चूल कशावर पेटते, बाबा? आमच्याच काड्यांवर ना?" खरे होते, म्हणूनच मी काठी आपटली. "मग जा तिकडेच!" ती गेली. घेवड्याचे ताट अर्धेच राहिले.

लोइसची पत्रे बंद झाली. दोन वर्षांनी पेटीच्या तळाशी एक इवलीशी काडी निघाली, नाव नसलेली. मळ्यावर एवढ्या लहानांना जोडे देत नाहीत. काडीला मेणाच्या दोऱ्याची दुहेरी गाठ होती. ती गाठ लोइसला मीच शिकवलेली. म्हणजे मला नातवंड झाले. मुलगा की मुलगी, ते काडी सांगत नाही. मी वासराच्या मऊ कातड्याचा जोड शिवून मालाच्या तळाशी घातला. पुढे दरवर्षी गाठीची काडी येत राहिली. चार आल्या.

यंदा पेटी आली नाही. तिकडचे व्यापारी म्हणतात, उत्तरेचा माल नको. या महिन्यातल्या अध्यक्षाच्या निवडणुकीनंतर तर उत्तर-दक्षिणेचे बोलणेच खुंटले. मी रोज मालाच्या कचेरीत जातो. कारकून म्हणतो, "काका, पेटी आली तर मीच आणून देईन. उगाच गारठ्यात पाय कशाला झिजवता?"

५. म्हणून चार काड्यांच्या वाढीवरून अंदाज बांधून मी पुढच्या वर्षांचे जोड शिवले आणि लोइसच्या खोलीत भिंतीशी ओळीने मांडले. बारा आहेत. शेवटी अंदाज चालेना, तेव्हा आणखी दोन शिवले. एक माझ्या पायाच्या मापाचा, एक लोइसच्या. नातवंडाला जो बसेल तो त्याने घ्यावा. कोणत्या बाजूने आलात, असे दारात कोणीही विचारू नये.

दर वसंतात सगळ्या जोडांना तेल लावावे. अमासा, हे विसरू नकोस. न वापरलेले कातडे वाट बघून कडक होते.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, मोठ्याने वाचला आणि साक्षीदारांसमोर सही केली.

ओबेड इंगल्स

साक्षीदार: सिलास अ‍ॅली, कातडी कमावणारा
साक्षीदार: जोथम बर्रिल, कारकून, मालाची कचेरी

लिन, २७ नोव्हेंबर १८६०