घोंगडीखालचं दिसत नाही

सिडको एन-नऊ, छत्रपती संभाजीनगर
रविवार, सकाळ

प्रिय तनुजा,

अण्णा बरे आहेत. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण माझं अक्षर बघून तू घाबरणार हे मला माहीत आहे. हल्ली पत्र कोण लिहितं? फोन करायला दोनदा तुझा नंबर काढला आणि दोन्ही वेळा फोन पालथा ठेवला. फोनवर तू विचारत सुटशील. कागदावर निदान मला मधेच अडवायला तू नाहीस.

उद्या मला वनखात्याच्या कचेरीत एक अहवाल द्यायचा आहे, आणि त्यासोबत ड्रोननं केलेलं चित्रण. त्या चित्रणात तुझे अण्णा आहेत. ते तिथं काय करत होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं, तरी मला कळलेलं नाही. आणि ते तुला सांगावं की नाही, यावर तीन दिवस झाले माझं डोकं चालेना झालंय.

तू नागपूरला गेलीस त्याला चार वर्षं झाली. त्यातली पहिली तीन अण्णांनी माझंही तोंड पाहिलं नाही. तुझ्या लग्नाच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही कोणाची, हे त्यांना तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. माझ्या आईला भर रस्त्यात म्हणाले, तुमच्या पोरीला आम्ही घरात घेतलं अन् तिनं आमचंच दार उचकटलं. घरात घेतलं म्हणजे ओसरीपर्यंत, एवढंच आई घरी आल्यावर म्हणाली. पुढं मी ड्रोन चालवायला शिकले, फवारणीची कामं घेऊ लागले, आणि मागच्या पावसाळ्यात तुमच्या आद्रकीवर फवारणीसाठी अण्णांनीच निरोप धाडला. आले, काम केलं, चहा ओसरीवरच घेतला. ते डावा पाय लांब करून बसलेले, तसेच. बैलगाडीचं चाक वरून गेल्यापासून तो गुडघा वाकत नाही. आपण दोघी लहानपणी त्या पायाला वळसा घालून पळायचो, ओलांडला तर अण्णा लई चिडायचे. त्या दिवशीही मी वळसा घालूनच आत वाकून तुझ्या आईला, आवडाकाकूंना, हाक मारली. तुझ्या नावाचा विषय कोणीच काढला नाही.

आता रोह्यांचं. तुझ्या नवऱ्याला सांगशील तेव्हा नीलगाय म्हण, म्हणजे त्याला कळेल. गाय वगैरे काही नाही, हरणाच्याच जातीचं, पण घोड्याएवढं जनावर. यंदा आपल्या देवगावच्या सगळ्या शिवारात त्यांनी हैदोस घातलाय. तुमचा हरभरा दोन रात्रींत साफ केला. अण्णांनीच अर्ज केला, खेटे घातले, आणि एक रोही मारायची परवानगी आणली. कागदावर अर्जदार म्हणून काकासाहेब असं त्यांचं ठसठशीत नाव आहे. परवानगीवाला बंदूकवाला बुधवारी संध्याकाळी आला, कुठं दबा धरायचा ते अण्णांनीच दाखवलं. गोळी मागच्या मांडीला लागली आणि जनावर रक्त सांडत नाल्याच्या रानात शिरलं. अंधार पडला. जखमी जनावर तसंच सोडायचं नसतं, शोधून वेदनेतून सोडवावं लागतं. म्हणून वनरक्षक मोतीराम यांनी मला फोन केला, की उष्णता दिसणारा कॅमेरा घेऊन ये.

मी त्यांना पहाटेच येते म्हटलं. संध्याकाळी आपल्याकडचे दगड दिवसभराच्या उन्हानं तापलेले असतात, पडद्यावर प्रत्येक धोंडा जनावरासारखा पांढरा दिसतो. पहाटे सगळं गार पडतं, मग ज्यात ऊब आहे तेवढंच दिसतं.

आणि या कॅमेऱ्याला काय दिसत नाही, हे अण्णांना पक्कं माहीत होतं. दिवाळीनंतर मी गावात हा कॅमेरा दाखवला होता, शाळेच्या पटांगणात. एकेक जण समोर यायचा आणि पडद्यावर पांढरा होऊन दिसायचा, बायका तर हसून हसून बेजार. अण्णा आले ते घोंगडी पांघरून. पडद्यावर नुसतं तोंड आणि हाताचे पंजे, मधला माणूस गायब. मी सांगितलं, लोकर अंगातली ऊब बाहेर येऊ देत नाही, म्हणून घोंगडीखालचं कॅमेऱ्याला दिसत नाही. त्यांनी मला दोनदा विचारलं, म्हंजी मी हाय तरी दिसत नाय व्हय? सगळे हसले. ते हसले नाहीत. तेव्हाच माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं, असं आता वाटतं. पण काय लक्षात यायला पाहिजे होतं, तेही सांगता येत नाही.

गुरुवारी सव्वासहाला ड्रोन वर गेला. थंडी अशी की बोटं वळत नव्हती. दहा मिनिटांत नाल्याच्या वळणावर, करंजाच्या झाडाखाली, जनावर दिसलं. आडवं पडलेलं, पण मान हलत होती. आणि त्याला चिकटून एक माणूस बसलेला. पडद्यावर चेहरा दिसत नाही गं, सगळी माणसं सारखीच पांढरी. पण त्या माणसाचा डावा पाय सरळ लांब केलेला होता, आणि जनावराचं डोकं त्या पायावर होतं. मग त्यानं बाजूचं काहीतरी उचलून झटकलं आणि जनावराच्या अंगावर घातलं. आधी पाठ गेली, मग पोट, मग मान. शेवटी गव्हाच्या दाण्याएवढी नाकाची जागा तेवढी पांढरी उरली.

मोतीराम जीपमध्ये थर्मासमधून चहा ओतत होते. काही दिसलं का, त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. का म्हटलं, मला विचारू नकोस. बॅटरी बदलायची म्हणून ड्रोन उतरवला, त्यांना आणि बंदूकवाल्याला पूर्वेकडच्या बांधानं बघायला पाठवलं, आणि मी नाल्यात उतरले.

उतरताना मला अण्णांचा इतका राग आला होता. अर्ज तुमचा, जागा दाखवली तुम्ही, आणि आता माझ्याच तोंडून ऐकलेली युक्ती माझ्याच कॅमेऱ्यावर चालवता? दया आली म्हणावं तर आधी का नाही आली? आणि लपवून करणार काय होते, जनावराची मांडी पार फुटलेली होती. मी तिथं पोचले तेव्हा ते नुसत्या सदऱ्यावर बसलेले, दवानं भिजलेले, ओठ निळे पडलेले. मी अर्धा तास त्यांच्याजवळ बसले. जनावर त्या अर्ध्या तासात गेलं. बंदूकवाला नंतर म्हणाला, वेळेवर सापडलं असतं तर मी एका गोळीत सोडवलं असतं, उगाच तडफडलं. त्याचं बरोबर आहे. ती तडफड माझ्या नावावर आहे, मला रात्री झोप नाही. पण खरं सांगू का, तडफडताना मला दिसलं नाही. ते फार शांत गेलं.

अण्णांना मी शेताच्या बाजूनं घरी नेलं, आवडाकाकूंच्या ताब्यात दिलं, मग येऊन मोतीरामना जागा दाखवली. काकूंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, काही नाही झालेलं, पहाटे उठून फिरायची सवय आहे त्यांना, तनूला सांगू नको. दर गुरुवारी तू गुपचूप फोन करतेस तेव्हा तुला त्या सगळं ठीक सांगतात ना? त्याच गुरुवारी दुपारीही त्यांनी तेच सांगितलं असणार.

आणि आता गंमत बघ. दहा वाजता पंचनाम्याला अण्णा स्वतः हजर. स्वच्छ धोतर, टोपी, गट नंबर तोंडपाठ. नुकसानभरपाईवरून मोतीरामना असं काही फैलावर घेतलं की ते घामाघूम. मी कागदावर सही करत होते तर माझ्याकडं बघून म्हणाले, विशाखाला सह्या करायची जुनी सवय हाय. सगळे हसले, मीही हसले, कारण टोमणा अस्सल होता. चार वर्षं डूख धरून ठेवलेल्या माणसाचाच. मग पहाटेचा माणूस कोण होता? का पहाटेचाच खरा, आणि दहाचा नुसता सवयीनं चालत होता? गावात विचारलं तर कोणी म्हणतं अण्णा ठणठणीत आहेत, कोणी म्हणतं गेल्या महिन्यात दोनदा शेताचा रस्ता चुकले. मी डॉक्टर नाही. मला वरून दिसतं तेवढंच दिसतं.

चित्रण मी उद्या देणार आहे. मी मोतीरामना नाही म्हटलं ते खोटं होतं, हेही लिहून सही करणार आहे. मला बोलणी बसतील, कदाचित पुढचं काम मिळणार नाही, ते माझं मी बघीन. त्यासाठी हे पत्र नाही.

करंजाखाली मी जवळ गेले तेव्हा अण्णा दचकले नाहीत. ओठांवर बोट ठेवलं आणि अगदी हळू म्हणाले, आवाज करू नको, तनूला ताप भरलाय, आत्ता कुठं डोळा लागलाय तिचा. ते लपवत नव्हते गं तनू, पांघरूण घालत होते. आपण दुसरीत होतो तेव्हा तुला टायफॉइड झाला होता. दवाखान्यात अण्णांनी तुला घोंगडीत गुंडाळलं आणि तू रात्रभर त्यांच्या वाकत नसलेल्या पायावर डोकं ठेवून झोपलीस, हे तूच मला शाळेत कौतुकानं सांगितलं होतंस. मी शेजारी टेकले. ते घोंगडीवरून हात फिरवत राहिले, आणि जनावर गेलं ते त्यांना कळलंसुद्धा नाही. घराच्या दारात मला थांबवून त्यांनी विचारलं, ताप उतरला का तिचा? मी म्हटलं, उतरला अण्णा, ती आता चांगली आहे, येईल एवढ्यात. त्या सकाळचं ते माझं दुसरं खोटं. पहिलं मी उद्या कचेरीत सुधारीन. दुसरं तूच येऊन खरं कर.

तुझीच,
विशाखा