एका पाठीचा भाव

२ मार्च, सोमवार
आजपासून रोज लिहिणार. राग आत ठेवला की तो मानेत जाऊन बसतो, हे मी पेशंटना दिवसातून दहा वेळा सांगतो. आता स्वतःला सांगतोय.

तर राग. मी कायरोप्रॅक्टर. पाच वर्षं शिकलो. लोकांचे मणके नुसत्या हातांनी जागेवर आणतो. पगार? थर्टीसिक्स थाउजंड. आणि वेबसाइट म्हणते, या शहरात कायरोप्रॅक्टरची ॲव्हरेज सॅलरी सिक्स्टीफाइव्ह. म्हणजे माझे ट्वेंटीनाइन थाउजंड दर महिन्याला कुणीतरी ढापतंय.

क्लिनिकच्या रिसेप्शनवरच्या ताईंना स्क्रीनशॉट दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बघितला आणि विचारलं, या ॲव्हरेजमध्ये आपल्या मॅडमनाही धरलंय का? मुद्दा सोडून बोलायची सवयच आहे त्यांना.

३ मार्च, मंगळवार
नवी सिस्टिम. रोजचे बारा पेशंट, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे ३०० पाठी. ३६,००० भागिले ३००. एक पाठ = १२० रुपये. क्लिनिक मॅडमचं, आणि त्या पेशंटकडून घेतात ८००! उरलेले ६८० जातात कुठे, विचारलं. ताई म्हणाल्या, भाडं, वीज, टेबलं आणि मी.

इथून पुढे सगळा खर्च पाठींमध्ये मोजणार. डोळे उघडतात.
केस कापले: तीन पाठी. वर त्या न्हाव्याने माझी मान कडकन मोडून दिली. फुकट! माझीच मान मोडून माझ्याच पोटावर पाय.
एसीवाला: सहा पाठी. पंधरा मिनिटांत फिल्टर धुतला. जाताना विचारतो, तुम्ही काय करता? सांगितलं. म्हणाला, अच्छा, मालिश.

निश्चय: बाहेरचं खाणं बंद.
रात्री पिझ्झा (पाच पाठी). एवढ्या रागात कुकर लावणं सेफ नाही.

६ मार्च, शुक्रवार
घरमालकीण काकू दारात. एक तारखेपासून भाडं सेव्हन्टीनचं ट्वेंटीटू. मी म्हटलं, काकू, माझी सॅलरी तेवढीच आहे, भाडंच का वाढतं? म्हणाल्या, थोडं ॲडजस्ट कर रे बाळा.

ॲडजस्ट! हा माझा शब्द आहे. स्पाइनल ॲडजस्टमेंट. तो शिकायला पाच वर्षं आणि बाबांची एफडी गेली. आणि इथे जो उठतो तो मलाच ॲडजस्ट करायला सांगतो.

ट्वेंटीटू दिले तर वीस तारखेनंतर उपास. नाही दिले तर दादाकडे, हॉलमधला सोफा. साडेएक वर्षापूर्वी तिथून निघताना मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, या सोफ्यावर परत झोपलो तर नाव बदला. वहिनी म्हणाली होती, नाव राहू द्या भाऊजी, फक्त आमची चादर नेऊ नका.
मरेन, पण सोफा नाही. मॅडमकडे पगारवाढ मागणार. मिनिमम फॉर्टीफाइव्ह. नाहीतर राजीनामा.

९ मार्च, सोमवार
आज मागणार होतो. ताईंनी मूड घालवला.

झालं एवढंच की एका आजींचा फोन नंबर मी लिहून घेतला होता. शेवटी त्या म्हणाल्या एकोणनव्वद. मी नाइन्टीनाइन लिहिलं. सकाळी सातला फोन लावून सांगितलं, कुशीवर झोपा, गुडघा छातीशी घ्या, दहापर्यंत मोजा. पलीकडून एका माणसाने सातपर्यंत मोजलंसुद्धा. मग त्याने विचारलं, पण आपण कोण?

ताई म्हणाल्या, अहो डॉक्टर, एकोणनव्वद म्हणजे एटीनाइन. असेल. इंग्लिशमध्ये काही व्हर्ब्ज इरेग्युलर असतात, तसा हा नंबर इरेग्युलर असणार. एका नंबरसाठी मी पूर्ण भाषा शिकत बसू का? फोन नंबर इंग्लिशमध्येच सांगावा, हा साधा मॅनर्सचा प्रश्न आहे.

१२ मार्च, गुरुवार
उद्या नक्की. आरशासमोर तीन वेळा बोललो. तिसऱ्यांदा इतका चिडलो की आरशालाच सॉरी म्हणालो. प्रॅक्टिस सोडली पाहिजे. सॉरी म्हणायची.

१३ मार्च, शुक्रवार, दुपारी २.४०
जिंकलो!!!

मॅडमच्या केबिनमध्ये थेट चार्ट टेबलावर ठेवला. भाडं: १४२ पाठी. किराणा: ५८ पाठी. मॅडमनी तो नीट वाचला. म्हणाल्या, पाठींचं नंतर बोलू. क्लिनिकची परिस्थिती तुम्ही बघताय. खूप ओढूनताणून या महिन्यापासून एकोणचाळीस देऊ शकते. याच्यावर एक पैसा नाही.

एकोणचाळीस! नाइन आणि फॉर्टी. फॉर्टीनाइन! मी फॉर्टीफाइव्ह मागायला गेलो होतो! डायरेक्ट थर्टीन थाउजंडची उडी!
टेबलावरचा चार्ट घडी करून खिशात घातला. मग म्हणालो, मॅडम, एवढं कशाला? त्या बघतच राहिल्या. म्हणाल्या, आजपर्यंत असं कुणी बोललं नाही. डोळे ओले झाले त्यांचे, खरंच. मलाही भरून आलं. बोलून गेलो, रविवारी मी येत जाईन, एक्स्ट्रा काही नको.
रागाची ताकद ही. उगाच लोक मेडिटेशन करतात.

१४ मार्च, शनिवार
काकूंना सांगितलं, ट्वेंटीटूची खोली राहू दे, वरची गच्चीवाली द्या. भाडं ट्वेंटीसेव्हन. ॲग्रीमेंट केलं, डिपॉझिट दिलं. काकूंनी पहिल्यांदाच मला अहो म्हटलं.
ऑर्थोपेडिक गादीही घेतली, ईएमआयवर. महिना सिक्स थाउजंड. ही चैन नाही, प्रोफेशनल गरज आहे.
दादाला फोन करून फॉर्टीनाइन सांगितलं. दोन सेकंद शांतता. आयुष्यातले बेस्ट दोन सेकंद.

२२ मार्च, रविवार
पंधरा पाठी. रविवारी सगळे जाडे पेशंट येतात. मनगट सुजलं. मॅडम घरी. चिडणार होतो, पण फॉर्टीनाइनवाला माणूस अशा गोष्टींवर चिडत नाही.

३१ मार्च, मंगळवार
सॅलरी स्लिप. ३९,०००.

ताईंकडे गेलो. म्हटलं, प्रिंटिंग मिस्टेक. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. म्हणाल्या, एकोणचाळीसच आहे की. म्हटलं, हो ना, मग फॉर्टीनाइन कुठे? त्यांनी स्लिप उलटी केली. मग स्लिपच्या मागे पेनाने लिहून दाखवलं. एकोण म्हणजे एक उणा. चाळीसला एक कमी. नव्वदच्या वेळेला सांगितलं होतं ना डॉक्टर?

ही काय पद्धत आहे? तोंडाने चाळीस म्हणायचं आणि हातात थर्टीनाइन टेकवायचे? ही भाषा आहे की चपलांचा सेल?
मॅडमना म्हटलं, निदान रविवार तरी रद्द करा. म्हणाल्या, पुढच्या दोन महिन्यांचं बुकिंग तुमच्या नावाने झालंय. थोडं ॲडजस्ट करा. आणि तुमच्यासारखी मनं आता राहिली नाहीत हो.
ट्वेंटीसेव्हन अधिक सिक्स. जेवायला उरतात पन्नास पाठी. त्याही वीज, फोन आणि पेट्रोल जाऊन नाही.

१ एप्रिल, बुधवार
काकूंना म्हटलं, ॲग्रीमेंट कॅन्सल करा. आधी त्यांना जोक वाटला. मग डिपॉझिटमधून एक महिना कापला. जुनी खोली त्यांनी आधीच दुसऱ्याला देऊन टाकलीय. पुन्हा अरे-तुरे सुरू.

६ एप्रिल, सोमवार, सकाळी ७.१०
दादाचा हॉल. सोफा तोच. ऑर्थोपेडिक गादी सोफ्यावर मावत नाही, ती भिंतीला उभी आहे. तिच्यावर वहिनीने ओल्या चादरी टाकल्यात.

मान डावीकडे वळत नाही. स्वतःची मान स्वतःला ॲडजस्ट करता येत नाही, हे पहिल्याच वर्षी शिकवतात. मॅडमना विचारलं. म्हणाल्या, स्टाफला हाफ रेट, चारशे.
हिशेब केला. रविवार धरून आता महिन्याला ३६० पाठी. ३९,००० भागिले ३६०. एक पाठ = १०८. पूर्वी १२० होती. पगार वाढला आणि पाठ स्वस्त झाली. म्हणजे माझी एक मान दुरुस्त करायला इतरांच्या जवळजवळ चार पाठी.
त्यापेक्षा न्हाव्याकडे जाईन. फुकट मोडतो.

दादाने दार उघडलं. नुसता टॉवेल दिला. त्याचा जास्त राग आला.

निश्चय: पुढच्या मार्चमध्ये परत मागणार. एकोणसाठ! एकही कमी नाही. किंवा एकोणसत्तर. दोन्हीतलं जे जास्त असेल ते. नीट विचारून लिहितो.

वहिनीला विचारायला वर बघितलं. झाडू घेऊन समोरच उभी आहे. म्हणते, भाऊजी, जरा ॲडजस्ट करा.
पाय वर घेतले.